एकमतानं मंजूर

गोंदियाच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो. परवा आफ्रिकेतल्या एका नव्या लोकशाहीचा धडा होता. ज्या पक्षानं स्वातंत्र्य आणलं तोच दरवेळी निवडून येतो, मग पक्ष कुठं संपतो अन् सरकार कुठं सुरू होतं हे तिथल्या पोलिसालाही कळेनासं होतं, असं मी रंगवून सांगितलं. पोरं हसली. "सर, थे लोक सहन कायले करून राहिले?" मीही हसलो. शहाणेच ना आपण!

दुसऱ्या दिवशी कामठ्याकडच्या माझ्या गावी ग्रामसभा होती. आमचं गाव बिनविरोध. एकच पॅनल, आधी बापाचं, आता लेकाचं. त्याचा अभिमान इतका की वेशीवर फलक लावलाय. लोकशाही दिसायला पाहिजे म्हणून सभेत प्रश्न विचारणारा माणूसही पॅनलनंच नेमला आहे. तो दरवर्षी नालीचं विचारतो, सरपंच "होऊन जाईल" म्हणतात, अन् चहा येतो.

यंदा मात्र आमच्या टोलीसाठी, म्हणजे गावाच्या कडेच्या आमच्या वस्तीसाठी आलेली बोअर सरपंचांच्या आवारात खोदायचा ठराव होता. गावाची सोय म्हणे! काय निर्लज्जपणा! माझ्या काकूचे गुडघे गेलेत, तरी ती सडकेपलीकडच्या विहिरीवरून पितळी गुंड भरभरून पाणी आणते. सकाळपासून ती एकच बोलत होती, "तोंडावर नाही म्हनीन. भेतो का कोनाले!"

सभेत ती मुद्दाम पुढं बसली. सचिवानं ठराव गुणगुणला. आमच्याकडं ठराव ऐकायची पद्धतच नाही. सरपंचांनी "मंजूर?" म्हटलं की हात वर जातात, डुलक्या घेणाऱ्यांचेसुद्धा. इतक्या वर्षांची सवय ती.

"मंजूर?"

सगळे हात वर गेले. मी ताडकन उठलो. "आक्षेप आहे! टोलीच्या बायांनी प्यायचं काय?"

सरपंच गोड हसले. "मास्तर, तुमचं मत गोंदियात. ज्याईले पानी पाहिजे त्याईले तं मंजूर हाय. पाहा ना."

मी पाहिलं. पहिल्या रांगेत काकूचा हात वर होता.

तिनंही वर पाहिलं अन् ती दचकली. "अवं माय! मी तं नाही म्हनाले आली होती!"

सचिवानं तोवर 'एकमतानं' लिहूनही टाकलं होतं, अन् चहा आला.