तुळशीरामतात्याची हलगी, मुद्देमाल नंबर एक

स्मशानाच्या रस्त्यासाठी आम्ही तहसीलवर मोर्चा नेला, त्याला तेरा वर्षं झाली. रस्ता झाला, उखडला, पुन्हा झाला. खटला मात्र आहे तिथंच. मी आरोपी नंबर एक, आणि मोर्च्यापुढं हलगी वाजवणारा तुळशीराम अवघडे आरोपी नंबर सात. पोलिसांच्या मते हलगीमुळंच जमाव भडकला. हे मात्र खोटं नाही. तात्याच्या हलगीवर मुडदासुद्धा ताल धरील!

हलगी जप्त झाली. ठाण्यात उंदरांनी कुरतडली तर खायचं काय, म्हणून तात्यानं अर्ज केला आणि मुद्देमाल त्यालाच सांभाळायला मिळाला. अट एकच: आहे तशी ठेवायची, बोलावलं की हजर करायची. तात्यानं सांभाळली म्हणजे काय, शेपन्नास वराती वाजवल्या. तारखेला मात्र फडक्यात गुंडाळून कोर्टात हजर. कधी साक्षीदार नाही, कधी एखादा आरोपी नाही, कधी साहेबांचीच बदली.

यंदा चैत्रात आठव्या न्यायाधीश आल्या, नि चक्क साक्ष निघाली. जप्तीचा पंच होता नाक्यावरचा इनूस चहावाला. सरकारी वकिलानं हलगी पुढं केली.

"हीच का?"

इनूसनं ती उलटीपालटी केली. "नाय साहेब. तिचं कडं लाकडी होतं. हे लोखंडी हाय."

आमच्या वकिलानं कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाई तात्याकडं वळल्या.

"काय केलंत हो?"

"कडं फुटलं, बदललं. कातडं तीनदा बदललं. बोकडाचं कातडं तेरा वर्षं कुठं टिकतंय मॅडम? आमी टिकलो, तेच लई!"

"मग जुनं काय उरलं?"

"वाजवणारा."

सरकारी वकील उसळला, "पुराव्यात फेरफार! हलगी आत्ताच जप्त करा."

तात्याचा चेहरा उतरला. वैशाखात पाच लग्नं ठरलेली, घर त्यावरच चालायचं. त्यानं पुढं होऊन हलगी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"ओ वकीलसाहेब, तुमचाच साक्षीदार म्हंतोय, ही ती नव्हं. मग ही माझी. माझी कशी जप्त करता?"

कोर्टात खसखस पिकली. बाईंनी हसू दाबून हुकूम सांगितला: ही हलगी मुद्देमाल नाही, आरोपीनं घरी न्यावी. मूळ हलगीचं काय झालं, याचा लेखी खुलासा पुढच्या तारखेला द्यावा.

"तीस एप्रिल?" शिरस्तेदारानं विचारलं.

"नगं साहेब," तात्या म्हणाला, "तवा लग्नं असत्यात. आषाढात घ्या, मोकळाच असतो."