काकांचं मेपल आणि तो हीटर

दिनकरकाका गेल्याचा फोन काकूंनीच केला. मी कनाटा उपनगरातल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो. “गेले रे तुझे काका,” त्या म्हणाल्या आणि लगेच पुढे, “झाड आत घ्यायचं राहिलं त्यांचं.” खरं सांगतो, त्या क्षणी रडू नाही आलं, राग आला. ते झाड घरात घेऊ नका, हे मी या माणसाला किती हिवाळे सांगत होतो.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. काकूंचं माहेर पुसदचं आणि मीही पुसदचा, एवढाच धागा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. इथे परदेशात शिकायला आलो तेव्हा विमानतळावर ते माझ्यासाठी कोट घेऊन उभे होते. शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो. आज मी जो कोणी आहे, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. म्हणून तर त्यांच्याशी धड भांडताही येत नसे.

निवृत्तीनंतर त्यांनी कुंडीत जपानी मेपल लावलं. नाजूक, कातरल्यासारखी लाल पानं. नर्सरीतल्या बाईंनी माझ्यासमोर समजावलं होतं : पानं गळली की कुंडी थंड गॅरेजमध्ये ठेवा. बाहेर ठेवली तर मुळं गोठतील, घरात ठेवली तर झाड झोपणार नाही. हिवाळ्यात त्याला झोप हवी असते. काकांनी मान डोलावली आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, “तिला काय जातंय बोलायला.”

झाड दिवाणखान्यात आलं, काकूंच्या तुळशीशेजारी. “तुळस आत आणि हे गॅरेजमध्ये? असला भेदभाव माझ्या घरात चालणार नाही.” ऐन जानेवारीत त्याला फिकट, लांबट पालवी फुटली. काकांनी सगळ्यांना फोटो पाठवले. काकू म्हणाल्या, “नातीचे एवढे काढले नाहीत कधी.” मग ती पालवी गळली आणि उन्हाळ्यात दोन फांद्या वाळल्या. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. मी लेख पाठवले, व्हिडिओ दाखवले, आवाज चढवला. ते शांतपणे म्हणायचे, “चहा घेतोस?”

गेल्या वर्षी एकदाचे ऐकले. कुंडी गॅरेजमध्ये गेली आणि मला जग जिंकल्यासारखं वाटलं. फेब्रुवारीत त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला गेलो, फावडं घ्यायला गॅरेज उघडलं, तर आत ऊब. कुंडीशेजारी छोटा हीटर चालू आणि मेपलला पालवी.

“काका, हे काय?”

“गॅरेजमध्येच आहे ना? तुझं ऐकलं की.”

हीटर ओळखीचा होता. बेसमेंटमध्ये माझ्या टेबलाखाली असायचा तोच. मी बंद केला की काका जिना उतरून यायचे आणि पुन्हा लावून जायचे. “उन्हातला माणूस तू, गोठशील.” त्यामुळे त्या दिवशीही मी फावडं उचललं आणि बर्फ काढायला गेलो. पण झाडाचं जे व्हायचं ते झालंच. या उन्हाळ्यात अर्ध्याहून जास्त वाळलं.

पानं गळल्यावर कुंडी मी गॅरेजमध्ये नेली. काकू हीटर घेऊन मागे आल्या. “थोडा वेळ लावू? त्यांना बरं वाटेल.”

“नको, काकू. आणखी एक असा हिवाळा हे झाड काढणार नाही.”

“त्यांच्यापुढे नाही चाललं तुझं. आता माझ्यावर चालव,” असं म्हणत त्यांनी हीटर माझ्या हातात दिला. “घेऊन जा मग. इथे असला तर मी लावीन.”

झाड जगेल की नाही, हे वसंतात कळेल. काकू फोनवर सांगतात, गॅरेज फार गार पडलंय रे. मी म्हणतो, पडू दे. हे म्हणताना दर वेळी आपण काहीतरी निर्दय करतोय असं वाटतं आणि मग काकांचाच राग येतो. माणूस प्रेम करतो ते ठीक, पण समोरच्याला काय हवं ते विचारायला काय झालं होतं?

काल कामाला बसलो तर पाय बधिर झाले होते. कोपऱ्यातला तो हीटर ओढून टेबलाखाली घेतला आणि लावला... काका, झाडाला नको होता हो. मला हवा होता.