काकूंचं चालणं

१४ डिसेंबर. तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. शेजारच्या काकू गुडघा धरून आल्या. त्या हुकूम आधी देतात, कारण मागाहून.

"उद्या हळू चालजो व!"

त्यांच्या पुण्यातल्या मुलाने त्यांच्या फोनवर चालणं मोजणारं अ‍ॅप टाकलंय. आई चालेनाशी दिसली की रिसोडचं घर बंद करून तो तिला घेऊन जाणार. म्हणून मी बाजारात निघाले की काकू फोन माझ्या पिशवीत टाकतात.

"पोट्टा म्हने, आई, तू तं पोरीवानी चालून राह्यली! त्याले शक आला."

"मंग तुमीच चाला ना," मी म्हटलं.

"चालता आलं असतं तं तुले कायले देल्ला असता?"

१५ डिसेंबर. सकाळी फोन घेऊन निघाले. काकूंसारखी दर ओट्यावर टेकत बाजारात पोचले. मेथी संपली होती.