घोडीच्या जागेवर

मोमिनाबादची फौज उठून गेली आणि घोडदळाच्या पागेत दवाखाना आला. एकदा पोटदुखीने लोळत मी तिथे दाखल झालो. कचेरीत शिपायांवर डाफरणारा मी तिथे आईच्या नावाने ओरडत होतो.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा मोडलेला हात गळ्यात अडकवून बसला होता. पूर्वी तो याच पागेत सवार होता. त्याने मला नीट निरखून पाहिलं.

"सायब, तुमच्या जागी माझी घोडी बांधलेली असायची. पोट दुखलं की ती बी अशीच पाय झाडायची. उठा."

चांगल्या हाताने माझा दंड धरून तो मला आवारात फिरवू लागला. मी थांबलो की तो जिभेने टक्‌टक्‌ करायचा आणि मी निमूट चालू लागायचो. हळूहळू कळ थांबली. त्याने माझ्या मानेवर थोपटलं. खरं सांगतो, मला ते आवडलं.

"घोडीही अशीच बरी व्हायची का?" मी हसत विचारलं.

"व्हायची. शेवटच्या वक्ताला मी रजेवर गावाकडं गेलतो. तिला फिरवायला कुणीच न्हवतं."

पोट आता दुखत नव्हतं, तरी मी त्याच्याबरोबर आणखी एक फेरी मारली.