ओळ संपली तरी बोट थांबलं नाही

त्या वर्षी मी इतकी दमलेली असायचे, की चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटले की परत उघडायचेच नाहीत. शेजारची बाई कोपरानं ढोसायची, मग मी सगळ्यांच्या मागून एकटीच "आमेन" म्हणायचे. मंडळीतल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, काय श्रद्धा आहे पोरीची. कसली श्रद्धा न् कसलं काय. पहाटे बोअरचं पाणी यायचं ते भरायचं, यांचा डबा करायचा, धाकटीला दूध पाजायचं आणि त्यानंतर दिवसभर थोरलीची शाळा. ती शाळा माझ्याच स्वयंपाकघरात भरायची आणि तिथली बाई मीच होते.

घरी शिकवणं हे आमचं काही तत्त्व वगैरे नव्हतं. नव्वदनंतरची ती वर्षं. बंगलोरमध्ये असं कुणी करतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आम्ही सांगलीकडून आलेलो. यांना होसकोट्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी लागली, म्हणून केआर पुरमला मागच्या बाजूच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. थोरलीला जवळच्याच इंग्रजी शाळेत घातलं. पोरगी बोलायला चुरचुरीत, गाणी म्हणायला पुढे, पण पुस्तक समोर ठेवलं की दगड. अक्षर आज ओळखायची, उद्या त्याच अक्षराकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघायची. वर्गातल्या बाईंनी तिला दाराबाहेर उभं करायला सुरुवात केली. मग रोज सकाळी दप्तर दिसलं की तिला उलटी व्हायची. एके दिवशी तो युनिफॉर्म धुता धुता माझं डोकं फिरलं. म्हटलं, बास झालं. मी स्वतः डी.एड. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवलेली बाई. माझ्या पोरीला मी शिकवीन.

यांनी ऐकून घेतलं. हे कधी आवाज चढवून बोलत नाहीत, पण एकदा बोलले की तो शब्द हलत नाही. म्हणाले, "जूनपर्यंत बघ. तोवर वाचायला लागली तर ठीक. नाहीतर बोर्डिंगला घालू."

बोर्डिंग म्हणजे गावाकडचं मिशनचं बोर्डिंग. आमच्या लोकांत हे काही नवं नाही. यांचे आईवडील खेड्यात, म्हणून हे लहानपणापासून तिथंच वाढले. "मी तिथंच माणूस झालो," असं म्हणायचे. तिथं प्रवेशासाठी पत्र लिहायचं तेही मीच. घरातलं लिहिणं सगळं माझ्याकडे होतं, पत्रं, अर्ज, रेशनचे कागद. रविवारी बंगलोरच्या शिवाजीनगरला बेळगावचा मराठी पेपर मिळायचा, एक दिवस शिळा. तोही हे जेवताना मलाच वाचायला लावायचे. "वाच गं, काय म्हणतोय पेपर." मी चिडायचे. म्हणायचे, "अहो, माझे हात पिठात आहेत, तुम्हाला डोळे नाहीत का?" हे हसायचे न् भाकरी मोडायचे.

तर जूनपर्यंत. आठ वर्षांची पोर आईवेगळी करून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर ठेवायची की नाही, हे माझ्या शिकवण्यावर येऊन ठेपलं होतं. बाकी सगळं मी सहन केलं असतं. ते एक मला नको होतं.

परातीत पीठ पसरून मी तिला त्यात बोटानं अक्षरं काढायला लावायचे. क काढायचा, पुसायचा, परत काढायचा. मग त्याच पिठात पाणी घालून कणीक मळायची, कारण पीठ काय वाया घालवायचं? धाकटी मध्येच येऊन त्यात बसायची. दिवे जायचे, मिक्सर थांबायचा, दारात गॅसवाला ओरडायचा आणि त्या सगळ्यात माझं चालू, "बघ, याला काना आहे की नाही?" ती माझ्या तोंडाकडे बघून उत्तर शोधायची. पुस्तकाकडे नाही, माझ्या तोंडाकडे. कधीकधी मी दोन चापट्या द्यायचे न् मग बाथरूममध्ये जाऊन रडायचे. दुपारी धाकटी झोपली की मीही तिथंच जमिनीवर आडवी व्हायचे, कणकेच्या हातानं.

घरमालकीण म्हणजे अक्का. सगळी गल्लीच त्यांना अक्का म्हणायची. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या वेळी इकडे आलेले म्हणे. त्यांची कानडी मिसळलेली मराठी ऐकली की मला पहिल्यांदा हसू यायचं, मग त्या मराठीचीच सवय झाली. त्या मागच्या दारात कडेवर सूप घेऊन उभ्या राहायच्या. "काय गं, तुमच्यात पोरींनी शाळंला जायाचं नाही असं असतंय का?"

"अक्का, आमच्यात पोरींनीच आधी जायचं असतं. माझी आजी मास्तरीण होती."

"मग हिला का घरात कोंडलीस? स्वल्प मोकळी सोड की. पोर वाळून चाललीय." आणि मग माझ्याकडे नीट बघून, "तू पण."

मी म्हणायचे, "सरी अक्का," म्हणजे बरं, आणि दार लोटून घ्यायचे. कुणीतरी आपल्याकडे नीट बघितलेलंसुद्धा त्या दिवसांत नको व्हायचं.

संध्याकाळी घरात प्रार्थना व्हायची. यांच्या आईनं लग्नात दिलेलं शास्त्र होतं, म्हणजे बायबल, जुन्या भाषांतराचं, पुठ्ठा सुटलेलं. ते हे स्वतः मांडीवर उघडून धरायचे. हे वाचायला लागले की ऐकत राहावंसं वाटायचं, असा आवाज. पण ठरलेली चार-पाच स्तोत्रं सोडून पुढे जायचे नाहीत. मी छेडायचे, "अहो, शास्त्रात बाकीचीही पानं आहेत." हे म्हणायचे, "ही आधी पुरी कळू देत." थोरली यांच्या मांडीला टेकून ओठ हलवत बसायची.

एप्रिलमध्ये चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, मे महिन्यात मुलांचा रविवार करायचा, शास्त्रपाठ मुलांनीच वाचायचा. आमची मराठी उपासना महिन्यातून एकदाच असायची, शिवाजीनगरजवळच्या एका तमिळ चर्चमध्ये, त्यांची उपासना संपल्यावर दुपारी तीनला. आम्ही शिरायचो तेव्हा आत मोगऱ्याचा वास असायचा आणि पंखे बंद केलेले असायचे. आमची मंडळी ती किती, तीस-चाळीस माणसं. पाळकसाहेबांनी यादीबिदी केली नाही, सरळ माझ्या थोरलीकडे बोट दाखवलं. "ही वाचेल."

मी नाही म्हणणार होते. पण हे शेजारीच उभे होते. म्हणाले, "वाचेल की. म्हणजे आम्हालाही कळेल."

त्या दिवसापासून मी दुसरं काही शिकवलं नाही. पाठ छोटासाच होता, एक स्तोत्र, यांच्या ठरलेल्यांतलं नाही. आधी मी वाचायचे, मग ती, बोट ओळीवर ठेवून. पहिले आठ दिवस रडारड. मग एके सकाळी मी चपात्या लाटत होते आणि मागून आवाज आला. सरळ, स्वच्छ, कुठेही न अडखळता. वळून बघितलं तर शास्त्र उघडं, बोट ओळीवर, आणि पोर वाचतेय. मी लाटणं टाकून तिला उचलली. त्या दिवशी शिरा केला, वाटीभर अक्कांकडेही पाठवला. मला खरंच वाटलं, सुटले. बाई गं, सुटले एकदाची.

मुलांच्या रविवारी तिला पांढरा फ्रॉक घातला. वाचनाचं स्टॅण्ड उंच, म्हणून हे एक स्टूल घेऊन गेले आणि ती त्यावर चढल्यावर स्टूल धरून तिच्या बाजूलाच उभे राहिले. स्टॅण्डवर मंडळीचं शास्त्र होतं. कुणीतरी नुकतीच नवी शास्त्रं भेट दिली होती, एक मोठी प्रत स्टॅण्डला आणि बाकांवर लहान प्रती. मी माझ्यापुढची प्रत उघडली. डोळ्यांवर झापड होतीच, म्हटलं बरोबर वाचत बसले तर जागी तरी राहीन.

तिनं सुरुवात केली. तोच सरळ, स्वच्छ आवाज. मी पानावर बघितलं तर ती म्हणतेय ते पानावर नव्हतं. मला वाटलं, मी चुकीचा अध्याय काढला. आकडा बघितला. बरोबर होता. अर्थ तोच, पण शब्द वेगळे. मंडळीचं शास्त्र नव्या भाषांतराचं, आणि माझी पोर त्या नव्या पानावर बोट ठेवून आमच्या घरचं जुनं म्हणत होती, शब्दन् शब्द.

झापड कुठल्या कुठे गेली. मी आजूबाजूला बघितलं, तर कुणाच्या काही लक्षात आलेलं नव्हतं. कसं येणार? अर्ध्या मंडळीला जुनंच पाठ. म्हाताऱ्या डोळे मिटून तिच्याबरोबर पुटपुटत होत्या. एका आजोबांनी डोळे पुसले. ती खाली उतरली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, चर्चमध्ये. पाळकसाहेब म्हणाले, अशी लेकरं असल्यावर मंडळीला काय काळजी.

यांचा चेहरा मला दिसत नव्हता. हे स्टूल उचलून जागेवर ठेवत होते.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली ते नशीब. धाकटी यांच्या खांद्यावर झोपली. थोरली माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. अलसूर मागे गेलं तशी हळूच म्हणाली, "मम्मी, मी एक पण शब्द चुकले नाही ना?"

"नाही."

"मग आता बोर्डिंगला जायचं नाही ना?"

मी तिच्या केसांतली पिन काढून हातात धरली. पोरीनं वाचायचं सोडून ते सगळं माझ्या तोंडून ऐकून ऐकून गिळलं होतं. मला फसवायला नाही, तर आमच्या घरात राहायला. आणि आता मी यांना सांगायचं, की पोरीला अजून काही येत नाही? न सांगावं तर जूनमध्ये, जुलैमध्ये, कधीतरी उघडं पडणारच. यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते, टिन फॅक्टरी स्टॉपवरच्या गर्दीकडे. मला त्या क्षणी इतकं थकल्यासारखं झालं, की बस अशीच कुठे न थांबता जात राहिली असती तरी चाललं असतं.

घरी आल्यावर मी चहा टाकला. थोरली धाकटीला कडेवर घेऊन अक्कांकडे खायला काही मिळतंय का बघायला पळाली. हे मागच्या पायरीवर बसून बूट काढत होते. मी कप ठेवला न् म्हटलं, "अहो, एक सांगायचंय. ती आज..."

"माहीत आहे," हे म्हणाले. "वाचलं नाही तिनं."

"तुमच्याकडे तर पुस्तकही नव्हतं."

"तिचं बोट बघत होतो. ओळ संपली तरी थांबलं नाही. वाचणाऱ्याचं बोट ओळीच्या टोकाला जरा थांबतं. पाठ म्हणणाऱ्याचं सरळ पुढे जातं."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

हे बराच वेळ बुटाची नाडी सोडवत बसले. नाडी केव्हाच सुटलेली होती.

"माझंही थांबत नाही," म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग पेपर आठवला. पत्रं आठवली, अर्ज आठवले. ती चार-पाच स्तोत्रं, मांडीवर उघडलेलं शास्त्र आणि मी मारलेले टोमणे. मी तिथंच पायरीवर बसले.

"अगदीच येत नाही असं नाही," हे म्हणाले. "दुकानाच्या पाट्या लागतात. कारखान्यात ड्रॉइंग बघितलं की कळतं, खालचं लिहिलेलं कुणालातरी विचारतो, चष्मा विसरलो म्हणतो. बोर्डिंगात रोज छडी खायचो. मग पाठ करायला लागलो. वर्गात मागचा पोरगा आधी वाचायचा, मी ऐकून ठेवायचो."

मला राग आला. खरं सांगते, दया नंतर आली, आधी राग आला. "हे सगळं ठाऊक असून तुम्ही तिला तिथंच पाठवायला निघालात?"

यांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. "मला वाटायचं, मलाच मार कमी पडला. अजून थोडा पडला असता तर आलं असतं."

चहावर साय धरली. अक्कांच्या घरातून त्यांचा आवाज येत होता, मुलींना काहीतरी दटावत होत्या. मी यांच्या हातातला कप काढून घेतला, चहा परत गरम करायला नेला आणि गॅसपुढे उभी राहून पदर तोंडात कोंबून रडले. बाहेर आले तेव्हा हे म्हणाले, "ते बोर्डिंगचं पत्र लिहू नकोस."

"लिहिणारच नव्हते," मी म्हटलं.

सोमवारी यांची दुसरी पाळी होती. सकाळी मी परातीत पीठ पसरलं, धाकटीला पाळण्यात घातलं आणि वळले तर परातीच्या एका बाजूला थोरली आणि दुसऱ्या बाजूला हे, लुंगी गुडघ्यांत खोचून मांडी घालून बसलेले. माझ्याकडे बघत नव्हते, पिठाकडे बघत होते. थोरली यांना सांगत होती, "पप्पा, दाबून नाही काढायचं, हलकं काढायचं." एकीला शिकवता शिकवता माझा जीव मेटाकुटीला आलेला, आणि आता हे दोन.

मी म्हटलं, "दोघंही आधी हात धुऊन या. त्याच पिठाच्या चपात्या करायच्यात मला."