हातचे पाणी, पोटातले लिव्हर

"हिचा रक्तगट कोणता हाये?"

बाईच्या सासूने हा प्रश्न मला विचारला नाही. माझ्याकडे बोट दाखवून बाईला विचारला. थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. गोरेगावातल्या तिच्या सासरी मी ओट्यावर बसले होते. उंबऱ्याच्या आत मला कधी बोलावले नव्हते. हातात चहाचा पेला होता. तो पाहुणीनेच धुवायचा आणि ओट्याच्या कोपऱ्यात पालथा ठेवायचा, ही माझ्यासाठीच काढलेली रीत.

आम्ही सालेकशाच्या जंगलपट्ट्यातले. माय मोहफुले वेचते. बाईच्या सासरच्यांची राइस मिल. बाईचा प्रेमविवाह त्यांनी कसाबसा गिळला. पण तिने भरलेला हंडा देवघरात गेला नाही, आणि तिच्या हातचे पाणी सासूने कधी घेतले नाही.

आता भाऊजींचे लिव्हर निकामी झाले होते, किडन्याही. दोन्ही अवयव एकत्रच बसवावे लागणार होते.

"एकीचं लिव्हर, एकीची किडनी," सासू म्हणाली. "जंगलातल्या बाया. यायले काय होते?"

सासरे हसले. "एमएस्सी केली म्हणते. काहीतरी कामी येऊ दे."

आतल्या खाटेवर पडलेले भाऊजी मला दारातून दिसत होते. त्यांनी कूस बदलली.

मी विचारले, "मृत दात्याच्या अवयवांसाठी नाव नोंदवलं का?"

"मुडद्याचं? कोणाचं असंल, कोण्या जातीचं असंल! ते माह्या पोराच्या पोटात कायले टाकू?"

उरलेल्या चहासकट तो पेला मी उंबऱ्याच्या आत ठेवला आणि उठले.

नागपुरात एका संशोधन विभागात मी नेमके हेच काम करते: दाता जिवंत होता की मृत, त्यानुसार प्रत्यारोपणाचे निकाल तपासणे. लिव्हर आणि किडनी एकत्र बसवतात तेव्हा दोन्ही अवयव बहुधा एकाच मेंदूमृत दात्याचे असतात. त्याच शरीरातले लिव्हर सोबतच्या किडनीला नाकारले जाण्यापासून काही अंशी वाचवते, असे दिसते. जिवंत दाता लिव्हरचा तुकडा देणार असेल तर वाट पाहावी लागत नाही, आणि कुशल हातांत रुग्णाचा निकाल चांगलाही लागतो. हे मी नाकारत नाही. रागावले म्हणून मी विज्ञान वाकवणार नाही.

पण निकाल कोणाचा? रुग्ण किती जगला, हे आमच्या तक्त्यात असते. जिचे पोट चिरले, ती पुढे धानाच्या बांधीत वाकू शकली का, हे नसते. आणि जिवंत दात्यांत बायकाच एवढ्या का, याचे उत्तर शरीरशास्त्रात सापडत नाही. ते मला त्या ओट्यावर सापडले.

पुढे नागपूरच्या एका खाजगी रुग्णालयात सगळे जमलो. मृत दात्यांच्या यादीबद्दल मी विचारले, पण सर्जनने माझ्याकडे न पाहता सासऱ्यांना सांगितले, "घरातच दाता असताना यादीत कशाला थांबायचं?"

बायको कायद्याने जवळची नातलग, मेहुणी नाही. मेहुणीला अवयवदानाची परवानगी देणाऱ्या समितीपुढे उभे राहून सांगावे लागते, की मी हे प्रेमापोटी देते आहे. कॉरिडॉरमध्ये सासूने मला तेच पढवायला घेतले. "भाऊजीवर माया हाये म्हणजो. रडजो थोडीशी."

तिथे मी थांबले. सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "माझ्या बहिणीच्या हातचं पाणी तुम्हाला चालत नाही. मग तिचं लिव्हर तुमच्या मुलाला कसं चालतं?"

ती क्षणभरही अडखळली नाही.

"ते आत रायते. दिसते कोणाले?"

माझ्या शिक्षणाने मला दिले नव्हते, ते त्या वाक्याने दिले. आम्ही आत चालत होतो, फक्त दिसायला नको होतो. मी म्हणाले, "माझी किडनी मिळणार नाही. समितीसमोर तुमचं हेच वाक्य सांगीन."

दात्याला एकटीला बोलावून विचारायची पद्धत आहे. बाई आत गेली. इतके दिवस ती मान खाली घालून होती. आत काय झाले, ते तिने मला नंतर सांगितले. समुपदेशिकेने विचारले, ही तुमची स्वतःची इच्छा आहे का? बाई म्हणाली, नाही. अशा वेळी दात्याला आडोसा देतात. त्या म्हणाल्या, "काळजी करू नका. तुमचं शरीर योग्य नाही, एवढंच आम्ही घरच्यांना सांगू."

बाई म्हणाली, "शरीर चांगलं हाये माह्यं. मी नाही म्हटलं, असंच सांगा."

मग बाहेर येऊन तिने ते स्वतःच सांगितले. सासरे म्हणाले, "गाडीत बसू नको." आम्ही दोघींनी सालेकशाची रेल्वे धरली.

त्यांना झक मारून यादीत नाव घालावे लागले. बऱ्याच काळाने एका मेंदूमृत दात्याचे लिव्हर आणि किडनी भाऊजींना मिळाली. दाता कोण, हे गुप्त असते. भाऊजी सुधारत आहेत. मला त्यांचे मरण नको होते.

परवा सासू आमच्या अंगणात आली. मोहफुले वाळत होती. "पोराच्या गोळ्या, पथ्य कोण पाहीन? चाल घरी." बाई फुले पसरत राहिली. "मी येत नाही. पुन्हा इचारू नका."

निघताना सासूने मला बाजूला ओढले. आवाज अगदी खाली. "तू तं त्याच कामात हायेस. कोणाचं होतं वं ते? इतकंच सांग."

मला माहीत नाही. माहीत होऊही शकत नाही. हे एक वाक्य सांगितले असते, तर तिची सुटका झाली असती. मी तिच्या डोळ्यांत पाहिले.

"ते आत रायते. दिसते कोणाले?"

मुलाला वाढताना तिची नजर त्याच्या पोटावर अडकत असेल. अडकू दे. ती पुन्हा येईल, पुन्हा विचारील. मी उत्तर देणार नाही.

आणि यापुढे माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक निकालात, ज्याला अवयव मिळाला त्याच्या शेजारी, जिने दिला तिचेही पुढचे आयुष्य लिहिले जाईल. कोणी मागितले, कोणी मान खाली घातली, कोणी कूस बदलली, तेही. आत दडवलेले मी बाहेर काढणार आहे.