शिंगांची सायकल

पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. मी टेम्पो घेऊन पिंपळगाव रेणुकाईला आत्याच्या घरी पोचले, तेव्हा माझी जांभळी सायकल हिरवीगार झाली होती.

आत्यानं ती अंगणात मधोमध उभी केली होती. सगळी फ्रेम पोपटी हिरवी, तिच्यावर बोटानं दिलेले पांढरे ठिपके. नव्वदच्या दशकातल्या डोंगरी सायकलींच्या हँडलला दोन्ही टोकांशी पुढे आलेले आखूड दांडे असायचे, चढावर धरून जोर लावायला. ते दोन्ही दांडे गुलाबी रंगवले होते आणि त्यांना लाल-पिवळे गोंडे बांधले होते. सीटवर हळदीकुंकू वाहिलेलं होतं.

"कशी दिसती?" आत्या म्हणाली. ती मिरची तोडून नुकतीच आली होती, डोक्याचा रुमालसुद्धा सोडला नव्हता.

मी "छान" म्हणाले. मला पटकन दुसरं काही सुचत नाही. चारचौघांत तर नाहीच, आणि मागे टेम्पोवाला उभा होता.

तो खाली उतरून सायकलीभोवती एक चक्कर मारून आला. "ताई, ह्याच्यासाठी अख्खा टेम्पो केला व्हय? एसटीच्या टपावर टाकून आणली असती. आणि तिकिटात मिरवणूक बी झाली असती."

आत्या हसली. मी हसल्यासारखं केलं.

ही सायकल मला का हवी होती, ते सांगायला हवं. मी जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं आणि किती उगवलं ते बघायचं, असं माझं काम. बसून करायचं, शांत काम. मला ते येतं, पण बसवत नाही. पायाचा चवडा टेबलाखाली सारखा हलत असतो. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी एकदा विचारलं होतं, "तुला कुठं जायचंय का?" कुठं जायचं होतं ते मलाही सांगता आलं नाही.

सुटी झाली की मी स्कूटीवर बसते, इथल्या सगळ्या मुलींसारखा चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळते आणि भंगाराच्या गोदामांकडे जाते. जालन्यात लोखंड वितळवून सळया करतात, म्हणून कुठकुठलं भंगार इथं येऊन पडतं. त्यात कधी कधी जुन्या गिअरच्या सायकली असतात. जाड टायरच्या, बारीक पोलादी नळ्यांच्या, नव्वदच्या दशकातल्या. शाळेत असताना एका मुलाकडे तसली होती. मला कधीच बसायला मिळाली नाही, मी मागितलीही नाही. आता मी त्या भट्टीत जायच्या आधी उचलून आणते. स्कार्फमुळे गोदामवाल्यांना माझा चेहरा माहीत नाही. ते मला "सायकलवाल्या मॅडम" म्हणतात. मला हे बरं वाटतं.

घरी जिन्याखाली, गच्चीवर, बाल्कनीत सायकली आहेत. पप्पा म्हणतात, "घर आहे का स्टँड?" आई काही म्हणत नाही, फक्त पाहुणे यायचे असले की त्यांच्यावर चादरी टाकते. मी त्या खोलते, गंज काढते, इंटरनेटवरून एखादा जुना ब्रेक मागवते, परत जोडते. जोडून झाली की माझं मन उडतं. पूर्ण झालेल्या सायकलीकडे मला बघवत नाही. दुसरी शोधायला बाहेर पडते.

यातल्या कुठल्याही सायकलीला तिचा पहिला रंग नव्हता. भंगारात येईपर्यंत कुणी ना कुणी ब्रश फिरवलेला असतो, नाहीतर घासून घासून नुसता गंज उरलेला असतो. जुन्या सायकलींचा नाद असलेली माणसं सांगतात की पुन्हा रंगवून कितीही छान करा, पण कारखान्यातून निघालेला रंग तो एकदाच. मला हे अगदी पटलं होतं. एक तरी तशी असावी, हात न लागलेली, असं डोक्यात घेऊन मी हिंडत होते.

आणि ती सापडली ती आत्याच्या गोठ्यात.

उन्हाळ्यात मी एका लग्नासाठी गेले होते. माणसांपासून जरा बाजूला म्हणून गोठ्यात जाऊन उभी राहिले. तिथं वैरणीच्या पेंढ्यांमागे हँडल दिसलं. ओढून काढली तर सगळी धुरकट, शेणाच्या शिंतोड्यांनी भरलेली. दुधाच्या किटल्या अडकवायला मागं एक अवजड कॅरिअर बसवलेलं. मी ओढणीचं टोक ओलं करून खालच्या नळीवर घासलं. आतून गर्द जांभळा रंग निघाला. पुढं सरकत तो काळा होत गेलेला, आणि त्यावर पिवळी अक्षरं. वरच्या पारदर्शक लॅकरखाली शाबूत. मी ओढणी परत ओली केली.

ही सायकल पप्पांनी आत्यासाठी आणली होती. पप्पा नोकरीला लागले आणि ती माहेरून, धावड्याहून, इथं बारावी शिकायला यायची, तेव्हा. आत्याच्या लग्नात सायकल भांड्याकुंड्यांबरोबर ट्रकमधून इकडे आली. मग आत्याचे यजमान, आमचे मामा, तिच्यावरून दूध घालत. मग मोटारसायकल आली. एवढं मला माहीत होतं. त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "आत्या, ही मी नेऊ?" ती वाढायच्या घाईत होती. "ने की. भंगारच हाय ते," म्हणाली. तेव्हा नेता आली नाही. मग पाऊस लागला, ऑफिसात हंगामाची गडबड आली, आणि मी रोज मनातल्या मनात ती सायकल उघडत आणि जोडत राहिले. तिला कोणतं ग्रीस लावायचं, कोणतं स्टिकर कसं जपायचं, हे सगळं ठरलेलं होतं.

आणि आता ती पोपटी होती.

टेम्पोवाला पाणी प्यायला गेला. आत्यानं मला चहा दिला. मी सायकलीजवळ उकिडवी बसले आणि नखानं एक ठिपका टोकरला. रंग नखात आला. अजून ओला होता आतून. पावसाळी हवेत ऑइलपेंट लवकर वाळत नाही.

"आत्या, रंगवायच्या आधी धुतली होती का?"

"धुवायला कुठं येळ भेटला? फडक्यानं झटकली. पोळ्याच्या दिवशी तुझ्या मामानं ट्रॅक्टर रंगवला, मातीचे बैल रंगवले. डबा उरला. बैल इकल्यापासून दरसाल उरतोय. म्हणलं, ही माह्या माहेरी चालली, अशी उघडीबोडकी कशी धाडू? आणि शिंगं हायेतच की तिला." तिनं गुलाबी दांड्यावरून हात फिरवला. "शिंगं असल्यावर रंगवाच लागतंय, माय."

धुळीवर रंग. म्हणजे धरला नसणार. आज पुसला तर निघेल, खालच्या रंगाला काही होणार नाही. अजून आठवडाभर ऊन लागलं तर बसेल, आणि मग काढताना जांभळाही जाईल. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात झालं, आणि त्याच्यापुढे मला एक वाक्य बोलायचं होतं, ते होईना.

टेम्पोत टाकून न्यावी आणि जालन्यात जाऊन गुपचूप पुसावी, हा सोपा मार्ग होता. पण टेम्पोच्या हौद्यात ऊन होतं, वाटेत ती घासली असती, आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिस. आणि आत्या दिवाळीला आमच्याकडे येणारच होती. चहा थंड झाला. मी उठले, परत बसले.

"काय गं? मुंग्या चावल्या का?"

"आत्या," मी म्हणाले, "मला ती जुन्याच रंगात पाहिजे होती."

"कोणत्या जुन्या?"

"आतल्या. कंपनीच्या."

तिला कळायला वेळ लागला. "म्हंजे जुनाट दिसायला पाहिजे व्हय तुला?"

"हो."

"पैसे देऊन लोक नवं करतेत, आणि तू इतक्या दुरून टेम्पो घेऊन जुनं न्यायला आलीस." तिनं डोक्याचा रुमाल सोडला. रागावली असं मला वाटलं. पण ती आत गेली आणि टर्पेंटाइनची बाटली आणि मामांची फाटकी बनियन घेऊन आली. "पूस मंग. ब्रश धुवायला आणल्तं, उरलंय. आण, मी बी लागते."

"तू राहू दे, हळूच करावं लागतं."

"मला न्हाई येत व्हय हळू? जल्दी कर, ऊन चढून राह्यलंय."

आम्ही दोघी दोन बाजूंनी बसलो. मी मागून, ती पुढून. रंग साली-सालीनं निघत होता. मध्येच आत्यानं हात डोळ्याला लावला आणि ओरडली. सकाळभर मिरची तोडलेली. मी पाणी आणलं, तिनं डोळा धुतला, शिव्या मिरचीला दिल्या आणि परत बसली. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली.

"काय व, चार दिस बी न्हाई झाले रंगवून, लगेच धुऊन काढता?"

"भाचीला पसंत न्हाई पडला रंग," आत्या म्हणाली.

"मंग नवरा कव्हा पसंत पडायचा तिला?"

"तो आधी धुऊनच आणावा लागंल."

दोघी हसल्या. मी मान खाली घालून घासत राहिले. मला आता कशाचंच काही वाटत नव्हतं, कारण माझ्या फडक्याखाली जांभळा येत होता. एकही चरा न पडता. मी खालची नळी पूर्ण मोकळी केली. काळ्यात मिसळत जाणारा तो जांभळा, पिवळं पहिलं अक्षर, दुसरं. हे वाचलं, हे माझं झालं, असं मी मनात म्हणत होते.

आत्याचा हात थांबलेला मला उशिरा कळलं.

ती वरच्या आडव्या नळीवर बघत होती. तिथं जांभळ्यावर एक लांब पांढरा ओरखडा होता. "हे धावड्याच्या उतारावर," ती म्हणाली. "वढ्यापाशी पडल्ते मी. पुस्तकं सगळी पाण्यात. दादाला कळू नये म्हणून ह्याच्यावर शाई लावल्ती." तिनं ओरखड्यावरून अंगठा फिरवला. "शाई गेली बघ."

ओरखडा मूळचाच होता, म्हणजे तोही ठेवायचा, असं काहीतरी मी म्हणाले.

"गड्याची सायकल चालवती म्हणून लोक काय काय बोलायचे. मला ऐकूच यायचं न्हाई. वरून येताना इतकं वारं लागायचं कानाला." ती थांबली. "असा रंग होता व्हय हिचा? मी तर इसरूनच गेल्ते."

मग ती काम करेना. बसून राहिली. मी उरलेली बाजू एकटीनं पुसली, चेनजवळचं टोक, पुढच्या चाकाचा चिमटा. सगळी मोकळी झाली. अंगणात हिरव्या चिंध्यांचा ढीग पडला. मी टेम्पोवाल्याला हाक मारली. तो दोरी घेऊन आला.

"थांब," आत्या म्हणाली.

आम्ही दोघंही थांबलो.

"मी न्हाई देत ही."

टेम्पोवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी आत्याकडे. "आत्या, तूच म्हणाली होतीस..."

"म्हणल्ते. तव्हा भंगार होतं ते. ही माझी सायकल हाय, बाई." आवाज चढलेला नव्हता. तिला स्वतःलाच थोडं नवल वाटत असावं. "तू दुसरी पाह्य. तुझ्याकडं तर ढीग हायेत."

मला खूप राग आला. तिचा नाही, नेमका कुणाचा ते सांगता येत नाही. मी न बोलता नेली असती, तर आत्ता ती भोकरदनच्या रस्त्याला लागली असती. पुसायला मीच लावलं होतं. जालन्याला गेल्यावर इतका शोधलेला रंग मला आठवत राहणार आणि तो दुसऱ्याच्या अंगणात असणार. मी एकदा म्हणाले, "मी नीट सांभाळीन." ती म्हणाली, "मला माहिती हाय." आणि तेवढंच.

"मंग काय करायचं, ताई?" टेम्पोवाला म्हणाला. "रिकामाच नेऊ?"

"तुम्ही निघा," मी म्हणाले. "मी एसटीनं येते."

मी जागची हलू शकत नव्हते आणि नुसती बसूही शकत नव्हते. सॅकमध्ये पाने होते, नवी केबल होती, ती मी या सायकलीसाठीच घेतली होती. मी सायकल उलटी केली. कॅरिअरचे बोल्ट गंजले होते, त्यांच्यावर तेल सोडलं. गिअरची जुनी केबल कापून काढली. आत्या शेजारी पालथ्या टोपलीवर येऊन बसली. गोंडे सोडून तिनं मांडीवर घेतले होते.

"उन्हात ठेवू नको," मी वर न बघता म्हणाले. "आणि परत काही लावू नको. नुसतं कोरडं फडकं."

"न्हाई लावत."

मी नवी केबल ओवली, चिमटीत ताणून धरली आणि पायडल हातानं फिरवलं. चेन खडखडली.

"तो बारका गिअर लागतो का बघ," आत्या म्हणाली. "चढाला तोच लागतो."

मी खटका दाबला. लागला नाही. नट सैल करून केबल परत ओढली.